नागिणीचा विषाणू झोपतो कुठे?

गोव्यात कुणाला नागीण उठली की घरातली जाणती माणसं बजावतात, तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला! मग पाला वाटून लेप लावणाऱ्याचा शोध सुरू होतो. खरं तर तिचा वेढा सहसा पुरा होतच नाही. पाठीच्या कण्यालगत डाव्या-उजव्या बाजूला चेतापेशींच्या गाठी असतात आणि एकेक गाठ शरीराच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळते. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू या गाठींत दबा धरून बसतो. वय झालं, प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्या गाठीत तो जागा होतो आणि नसेच्या वाटेने त्वचेवर उतरतो. म्हणून पुरळ मध्यरेषेशी थांबतं. (लेप लावायचा तर लावा, पण विषाणूरोधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. नेमके तेच तास लेपवाल्याच्या दारात जातात.)

हा विषाणू वर्षानुवर्षं गाठीत करतो काय, हे पाहणं फार अवघड. तो माणसालाच धरून राहतो. उंदराला ना कांजिण्या होतात, ना नागीण. मृतदेहातून काढलेल्या गाठी तपासता येतात, पण मृत्यूनंतर काही तासांतच तिथलं चित्र बदलू लागतं. आणि जिवंत माणसाची गाठ कोण कापून देईल?

वाट निघाली मूलपेशींतून, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशींतून. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींना चार जनुकांच्या जोरावर मूलपेशींसारखं बनवलं; २०१२ चं नोबेल त्यासाठीच. अशा पेशींपासून, किंवा भ्रूणापासून मिळालेल्या मूलपेशींपासून, काही आठवड्यांत मानवी चेतापेशी वाढवता येतात.

मला सगळ्यात आवडते ती त्यांच्यासाठी केलेली दोन खणांची बशी. मधल्या भिंतीतल्या खाचा इतक्या बारीक असतात की पेशीचं धड अडकतं, लांब तंतू मात्र पलीकडे जातो. विषाणू फक्त तंतूंच्या खणात सोडायचा. तो तंतूतून उलटा चढत धडापर्यंत पोचतो, त्वचेतून गाठीकडे जावा तसाच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत भ्रूणीय मूलपेशींपासून केलेल्या चेतापेशींमध्ये असा शिरलेला विषाणू गप्प पडून राहिला. मग पेशीतली एक संदेशयंत्रणा औषधाने रोखली आणि तो पुन्हा वाढू लागला. तापमान ३४ अंशांवर उतरवल्याचीही त्याला मदत झाली. झोप आणि जाग, दोन्ही मानवी पेशींत, डोळ्यांसमोर.

मात्र या बशीला वय नाही. त्यातल्या पेशी गर्भातल्या बाळाच्या पेशींइतक्या कोवळ्या, आणि नागीण हा बहुतेक पन्नाशीनंतरचा आजार. शिवाय तिथे पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. त्या वेगळ्या घालाव्या लागतात. पुरळ गेल्यावरही महिनोन्महिने कंबर जाळणारी वेदना तर बशी सांगूच शकत नाही. नसा जास्त चेतल्या आहेत का, एवढंच विजेच्या सूक्ष्म नोंदींवरून कळतं.