मागच्या काचेचा डीफॉगर व रिमोट स्टार्टर : तारजोडणी

मोटारगाडीचे इंजिन चावी न फिरवता दुरून सुरू केल्यावर मागच्या काचेवरची तापक जाळीही (डीफॉगर) आपोआप चालू व्हावी, यासाठी रिमोट स्टार्टरच्या नियंत्रक पेटीतून केलेली जोडणी. कॅनडा आणि अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये अशा कडक हिवाळ्याच्या प्रदेशांत ती विशेष रूढ आहे. डीफ्रॉस्टर म्हणजे बाहेरचे हिम वितळवणारा आणि डीफॉगर म्हणजे आतले बाष्प घालवणारा, असा भेद काही जण करतात. मागच्या काचेपुरता तो निरर्थक आहे. दोन्ही कामे एकच जाळी करते.

जाळीच्या जनकत्वाविषयी एकवाक्यता नाही. संदर्भग्रंथांत बहुधा जर्मन अभियंते हाइन्ट्स कुनर्ट यांचे नाव दिलेले आढळते. मात्र काचेत बारीक तार बसवणे, काचेवर चांदीमिश्रित लेपाच्या रेषा छापून त्या भाजणे आणि धातूचा पारदर्शक थर देणे या तीन निरनिराळ्या युक्त्या आहेत. तिसरीचे ठळक उदाहरण म्हणजे १९७४ च्या सुमारास फोर्ड व लिंकन गाड्यांच्या पुढच्या काचेला दिलेला सोन्याचा पातळ थर. त्यामुळे सगळे श्रेय एकाच व्यक्तीकडे जात नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जाळीचा प्रसार स्थूलमानाने १९६० ते १९८० या काळातला मानता येईल; त्याआधी मागच्या काचेवर पंख्याने हवा सोडण्याची पद्धत होती. रिमोट स्टार्टरची पूर्वअट असलेला विद्युत् स्टार्टर चार्ल्स केटरिंग यांच्या कामामुळे १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला.

आज रूढ असलेल्या जाळीच्या आडव्या रेषा काचेच्या आतल्या पृष्ठावर असतात आणि दोन्ही कडांच्या उभ्या पट्ट्यांना समांतर जोडलेल्या असतात. म्हणून एक रेष तुटली तरी तेवढीच थंड राहते. जाळी चालू झाली की हिम आधी रेषांलगत विरते, काचेवर आडवे पट्टे उमटतात आणि मग ते रुंदावत एकमेकांना मिळतात. कोणती रेष मेली आहे हे त्या वेळी नुसत्या डोळ्यांनी कळते.

जोडणीतली मुख्य अडचण प्रवाहाची. १३.५ व्होल्टवर १८ अँपिअर घेणारी जाळी सुमारे २४३ वॉट खर्च करते. तिचा रोध ०.७५ ओहम भरतो. याउलट रिमोट स्टार्टरची डीफॉगरसाठीची तार सहसा ऋण असते, म्हणजे ती फक्त ग्राउंड (बॅटरीच्या ऋण टोकाशी जोड) पुरवते, आणि तिची क्षमता काहीशे मिलिअँपिअरच असते. तिच्यावर जाळीचा भार कधीही टाकू नये. भार गाडीच्या मूळ रिलेनेच, म्हणजे कॉइलमधल्या छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या कळीनेच, वाहावा. स्टार्टरने केवळ इशारा द्यावा.

हा इशारा कोठे द्यावा, यावर कारागिरांत दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष रिलेच्या कॉइलला थेट जोडतो. हे सोपे, पण जाळी ठरावीक वेळाने बंद करणारा गाडीचा टायमर बाजूला पडतो. डीफॉगरच्या बटणावरचा दिवा लागेलच असे नाही, आणि इशारा टिकून राहिला तर इंजिन चालू असेपर्यंत काच तापत राहते. दुसरा पक्ष बटणाच्या तारेवर क्षणिक स्पंद देतो. बोटाने बटण दाबल्यासारखेच ते असल्याने टायमर (अनेक गाड्यांत १० ते १५ मिनिटांचा) आपले काम करतो. आक्षेप एवढाच, की काही गाड्या मागची स्थिती लक्षात ठेवतात; तेथे स्पंद आला की चालू असलेली जाळी उलट बंद होते. तरीही क्षणिक (दाबून सोडताच वर येणारे) बटण असलेल्या गाडीत दुसरी रीतच योग्य. दाबल्यावर दाबलेलेच राहणाऱ्या जुन्या बटणांना मात्र टिकाऊ इशाराच लागतो.

बटणाची तार धन मागत असेल तर मध्ये पाच टोकांचा रिले घालतात. डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकानुसार ८५ व ८६ ही कॉइलची टोके, ३० हे सामाईक, ८७ चालू झाल्यावर जोडले जाणारे आणि ८७अ एरवी जोडलेले. ८६ ला धन, ८५ ला स्टार्टरची ऋण तार, ८७ ला फ्यूजमधून आलेले धन आणि ३० ला बटणाची तार, अशी मांडणी होते. ८७अ मोकळे राहते. कॉइल बंद होताना उसळणारा उलटा विद्युत् दाब (व्होल्टेज) रिमोट स्टार्टरचा ट्रान्झिस्टर जाळू शकतो, म्हणून कॉइलच्या दोन टोकांमध्ये डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावतात. त्याच्यावर छापलेला पट्टा धन टोकाकडे हवा; उलटा लावला तर कॉइल चालू होतानाच शॉर्ट होतो.

वेळही महत्त्वाची आहे. इंजिन स्थिरावण्याआधी स्पंद गेला तर तो वाया जातो, कारण स्टार्टर मोटर फिरत असताना बटणाच्या मंडलाचा पुरवठा बहुधा तोडलेला असतो. म्हणून काही सेकंदांचा विलंब ठेवतात. काही संच तापमान पाहूनच इशारा देतात.

अलीकडच्या गाड्यांत बटण रोधकांच्या साखळीतून किंवा कॅन बसवरून (गाडीतल्या नियंत्रकांच्या सामाईक संदेशवाहिनीवरून) संदेश पाठवते. रोधकांच्या साखळीत प्रत्येक बटणाला ठरावीक रोध नेमलेला असतो. तेथे तारेला थेट ग्राउंड दिल्यास भलतेच बटण दाबल्याचा अर्थ निघू शकतो. कॅन बस असलेल्या गाडीसाठी तयार डेटा मॉड्यूल मिळते आणि तार कापावी लागत नाही.

जोडणीनंतर इंजिन दुरून सुरू करून मल्टिमीटरने जाळीच्या दोन उभ्या पट्ट्यांमधला विद्युत् दाब मोजावा. तो बॅटरीच्या दाबाजवळ हवा, आणि शाबूत रेषेच्या मध्यावर त्याच्या निम्मा, म्हणजे ६ ते ७ व्होल्ट. मल्टिमीटरचे टोक रेषेवर अलगद टेकवावे. घासले तर लेप निघतो.