प्रेरणा वेगळी, संदर्भ वेगळा

पुण्यात जलरंग करणाऱ्या कुणालाही विचारा, ‘हे चित्र कशावरून सुचलं?’ बरेच जण मोबाइलमधला फोटो पुढे करतात. पण फोटो हा संदर्भ. सुचणं त्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं.

मंडईचंच घ्या. १८८६ सालची दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा. आत शिरल्यावर ओट्यावर बसलेल्या भाजीवालीच्या खांद्यावर उन्हाची तिरीप दिसते आणि पाय थबकतात. ही प्रेरणा. कमान कुठून वळते, तिने तराजू कसा धरलाय, हे नंतर तपासावं लागतं. त्यासाठी स्केचबुक आणि फोटो. घोळ होतो तो घरी आल्यावर. समोर उरतो फक्त फोटो आणि त्यातली सावली काळीकुट्ट. डोळ्यांना दिसलेली सावली निळसर होती, तिच्यात मेथीच्या जुड्यांचा हिरवा उतरला होता. फोटो इमानेइतबारे उतरवला, की ज्या उजेडासाठी थांबलो तोच मरतो.

प्रेरणा आणि संदर्भ यांचं नातं कसं असावं, हे मला थिओडोर जेरिको या फ्रेंच चित्रकाराच्या ‘मेड्युसाचा तराफा’मध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतं. हे चित्र १८१९ चं, सध्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. १८१६ मध्ये मेड्युसा जहाज वाळूत रुतलं, सुमारे दीडशे माणसं तराफ्यावर सोडून दिली गेली. १३ दिवसांनी १५ जण जिवंत सापडले. वाचलेल्यांच्या हकिकतीने जेरिको पेटला. मग संदर्भ गोळा केले, तेही केवढे! बचावलेल्या सुताराकडून तराफ्याची प्रतिकृती करून घेतली, इस्पितळात जाऊन प्रेतांची अभ्यासचित्रं केली. आणि एवढं करूनही चित्रातली शरीरं पीळदार! उपाशी माणूस कसा दिसतो हे त्याला ठाऊक नसेल? पण क्षितिजावरच्या जहाजाकडे झेपावणारी ती आशा खंगलेल्या देहांत मावली नसती, असं मला वाटतं. संदर्भ त्याने तिथे सोडून दिला.

संदर्भ बदलता येतो, दुसऱ्याकडून मागूनही आणता येतो. प्रेरणेचं तसं नाही. म्हणून फोटो उघडण्याआधी स्केचच्या मागे एक ओळ लिहावी: मी कशापाशी थांबलो? शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर ‘खिळ्यांच्या टोकांवरचं ऊन’ असं लिहिलं असेल, तर खिळ्यांचा आकार फोटोवरून खुशाल घ्या. ऊन मात्र जागेवर केलेल्या रंगांच्या टिपणावरूनच घ्या.