तार तोडली, दुर्बीण वाढली

रेडिओ दुर्बिणीची नजर मुळातच अधू. तिला किती बारीक दिसणार, हे तरंगलांबीला तबकडीच्या व्यासाने भागून ठरतं, आणि रेडिओ लहरी तर सेंटिमीटर-मीटरमध्ये मोजायच्या. २१ सेंटिमीटरच्या लहरी टिपणाऱ्या २५ मीटरच्या तबकडीला पूर्णचंद्राएवढा आकाशाचा तुकडा म्हणजे जेमतेम एक ठिपका.

यावरची युक्ती १९४६च्या सुमारास सापडली. दोन अँटेना लांब ठेवून त्यांचे संकेत एकमेकांत मिसळले, तर बारकावा तबकडीवर नाही, दोघींमधल्या अंतरावर ठरतो. केंब्रिजमध्ये मार्टिन राइल यांनी हे केलं. सिडनीत रूबी पेन-स्कॉट आणि सहकाऱ्यांकडे तर कड्यावर एकच अँटेना होती. समुद्रावरून परावर्तित होणाऱ्या लहरींनी दुसरीचं काम केलं!

पण संकेत मिसळायचे तर अँटेना जोडलेल्या हव्यात. केबल लांबवून किती लांबवणार? इंग्लंडमधल्या जोड्रेल बँक वेधशाळेच्या मंडळींनी केबलऐवजी रेडिओ दुवा वापरून शंभर किलोमीटरच्या पलीकडे मजल मारली, तरी काही स्रोत ठिपकेच राहिले.

१९६५मध्ये मात्वेयेन्को, कार्दाशेव आणि शोलोमित्स्की या सोव्हिएत संशोधकांनी जोडणीच काढून टाकायचं सुचवलं. प्रत्येक ठिकाणी अणुघड्याळाच्या ठेक्यावर संकेत टेपवर भरायचे आणि नंतर टेप एकत्र आणून जुळवायच्या. अख्ख्या कहाणीतली खरी उडी हीच, असं मला वाटतं. १९६७मध्ये कॅनडाने टीव्ही स्टुडिओतले रेकॉर्डर वापरून ३,०७४ किलोमीटर अंतरावरच्या दोन दुर्बिणी जुळवल्या. अमेरिकी गटाने संगणकाच्या टेप घेतल्या. एक रीळ तीनेक मिनिटांत संपायचं.

फळ लगेच मिळालं. १९७१मध्ये ३सी २७९ या क्वेसारचे (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राचे) भाग प्रकाशापेक्षा वेगाने दूर जाताना दिसले. तो भास होता: जवळजवळ प्रकाशवेगाने निघालेला झोत आपल्या रोखाने येत असला की असं दिसतं, हे मार्टिन रीस यांनी आधीच सांगितलं होतं. पुढे याच तंत्राने खंडांचं वर्षाकाठी काही सेंटिमीटर सरकणंही मोजलं गेलं.

एप्रिल २०१७मध्ये आठ दुर्बिणींच्या जाळ्यातल्या सात दुर्बिणींनी १.३ मिलिमीटर तरंगलांबीवर एम८७ दीर्घिकेचं केंद्र पाहिलं. टेपऐवजी हार्ड डिस्क आल्या होत्या, पण विदा इतकी अवाढव्य की ती विमानानेच न्यावी लागली. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरून विमानं सुरू होईपर्यंत कित्येक महिने अडकून पडल्या. एम८७च्या केंद्रातल्या कृष्णविवराच्या सावलीचं चित्र जाहीर झालं १० एप्रिल २०१९ला.