सायकल डच लोकांच्या रक्तातच असते?

‘सायकलसाठी सरकारने कितीही पैसा ओतला तरी उपयोग नाही, डच लोकांच्या ती रक्तातच आहे’ हे वर्षानुवर्षे ऐकवलं जातं. रक्ताचा इथे काही संबंध नाही. महायुद्धानंतर नेदरलँड्समध्येही मोटारी बोकाळल्या आणि सायकली झपाट्याने घटल्या. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं दगावली, त्यात चारशेहून अधिक मुलं. पालकांनी आंदोलन केलं, १९७३ चं तेलसंकट आलं आणि मग धोरण बदललं.

पहिला प्रयत्न तिथेही फसलाच. सत्तरच्या दशकात हेग आणि टिलबर्ग शहरांमध्ये सरकारी निधीतून एकेक दिमाखदार सायकलमार्ग बांधला. त्या मार्गावर सायकली वाढल्या, शहरात एकूण फारशा नाहीत. पुढे डेल्फ्ट शहराने सायकलमार्गांचे तुटक दुवे जोडून शहरभर जाळं विणलं, तेव्हा वापर वाढला.

म्हणून निधीचा हिशेब नुसत्या किलोमीटरमध्ये मागू नये. मार्ग चौकाच्या अलीकडेच संपतो का, ते बघा. धडका बहुतेक वळणाऱ्या वाहनांशी तिथेच होतात. एकेरी मार्गाला दोन मीटर रुंदी हवी, नाहीतर पुढच्या सायकलला मागे टाकता येत नाही. नुसता रंगाचा पट्टा मारला, तर त्यावर गाड्या उभ्या राहतात.