घरची सायडर: आधी निवळू द्या, मग फसफसू द्या

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

ऑक्टोबरात सायडरसाठी, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसासाठी, सफरचंदं पिळली की नोव्हेंबरअखेर दुकानात एकच प्रश्न येतो: "एअरलॉकमधले (भांड्यातला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबलेत, पण सायडर गढूळच आहे. बाटल्यांत भरू का?"

इतक्यात नको. थंडीने यीस्ट नुसतं झोपलेलं असू शकतं. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी काचेची नळी) 1.000 किंवा खाली दाखवतोय आणि आठवड्याने पुन्हा तोच आकडा येतोय, तरच आंबणं संपलं असं समजा.

निवळण्यासाठी

गाळ ढवळू न देता सायडर सायफनने दुसऱ्या डेमिजॉनमध्ये (अरुंद गळ्याच्या मोठ्या बरणीत) काढा. नव्या डेमिजॉनमधलं नळीचं टोक तळाला टेकवा, म्हणजे हवा मिसळत नाही. डेमिजॉन गळ्यापर्यंत भरा, एअरलॉक लावा आणि थंड खोलीत महिना-दीड महिना ठेवा. बहुतेक सायडर एवढ्यावर निवळते.

तरीही धुरकट राहिली, तर बहुधा पेक्टिन. पेरूची जेली ज्याने धरते, तेच हे. तपासायला पेलाभर नको, दोन चमचे सायडर पुरे. त्यात तिप्पट मेथिलेटेड स्पिरिट घाला. काही मिनिटांत जेलीसारखे धागे किंवा गुठळ्या दिसल्या, तर पेक्टिन नक्की. हे मिश्रण विषारी असतं, लगेच ओतून टाका. पेक्टिन तोडणारं पेक्टिक एन्झाइम या टप्प्यावरही चालतं, पण हळू. त्याची खरी वेळ यीस्ट घालण्याआधीची. पुढच्या हंगामात रसातच घाला, आणि रस उकळू नका. उकळल्याने धुरकटपणा पक्का होतो. चवीला मात्र धुरकटपणाने काही होत नाही, त्यामुळे अशी सायडर फेकू नका.

बुडबुड्यांसाठी

निवळलेल्या सायडरमध्येही डोळ्यांना न दिसणारं यीस्ट उरतं. त्याला लिटरमागे 6 ग्रॅम साखर द्या: 4.5 लिटरच्या डेमिजॉनला 27 ग्रॅम, 20 लिटरला 120. काट्यावर तोला. थोड्या पाण्यात उकळून, गार करून बादलीच्या तळाशी ओता आणि त्यावर सायडर सोडा. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर घातली, तर एक बाटली मिळमिळीत निघते आणि दुसरी उसळते.

बाटल्या बिअरच्या, शॅम्पेनच्या किंवा फसफसत्या पेयांच्या प्लास्टिकच्याच घ्या. वाइनची साधी बाटली हा दाब सोसत नाही. हायड्रोमीटर न बघता भरलेली एक बाटली आमच्याच गॅरेजमध्ये रात्री फुटली. सकाळी काचेचा तुकडा समोरच्या प्लायवूडमध्ये रुतलेला सापडला. तेव्हा गॅरेजमध्ये कुणी नव्हतं, हे नशीब. म्हणून हे इतकं बजावून सांगतोय.

एक बाटली प्लास्टिकची ठेवाच. बाटल्या 20 अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवा. प्लास्टिकची दाबून दगडासारखी लागली की सगळ्या थंड जागी हलवा.

गोड सायडर हवी असेल, तर बाटलीत जास्त साखर घालू नका. यीस्ट तीही खाऊन टाकेल आणि दाब वाढेल. साखरेऐवजी वापरायचं एरिथ्रिटॉल घाला, ते आंबत नाही.

उघडण्याआधी बाटली एक दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवा. एका दमात, हळू ओता आणि तळाचा बोटभर गाळ बाटलीतच राहू द्या.