डबीबंद माइट

माइट म्हटलं की लोकांना आठवते गादीतली धूळ, खरूज, नाहीतर पिकावर जाळी करणारा लाल कोळी. मूठभर जातींनी अख्ख्या कुळाचं नाव घालवलंय. आजवर माइट्सच्या ५०,००० हून जास्त जातींची शास्त्रीय नोंद झाली आहे आणि त्यातल्या कितीतरींचा आपल्या कातडीशी वा पिकाशी काडीचाही संबंध नाही. त्या मातीत आणि पालापाचोळ्यात राहतात. बरं, हे कीटकही नव्हेत. कोळी आणि विंचू यांच्या भावकीतले हे आठ पायांचे प्राणी. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात, चौथी जोडी नंतर कात टाकल्यावर येते.

मातीतून ते वेचायचे कसे? बहुतेकांची लांबी एक मिलिमीटरही नसते. इटलीचे अंतोनियो बर्लेझे यांनी १९०५ मध्ये यासाठी एक नरसाळं बनवलं. ते गरम पाण्यावर चालायचं. पुढे स्वीडनच्या तुलग्रेन यांनी पाण्याऐवजी विजेचा दिवा वापरला. नरसाळ्यात जाळी, जाळीवर पाल्यासकट माती, वर दिवा आणि खाली अल्कोहोलची बाटली. माती वरून सुकत जाते तसे आतले जीव ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. मातीतले जीव मोजायला आजही याच युक्तीवर भिस्त आहे. जंगलातल्या एका चौरस मीटर जमिनीत लाखाच्या घरात माइट सापडतात ते असे.

बाटलीतला ऐवज सूक्ष्मदर्शकाखाली घेतला की दोन प्रकार पटकन वेगळे काढता येतात. लांब पायांचे, चपळ दिसणारे ते मेसोस्टिग्माटा, म्हणजे बहुतांशी शिकारी. सूत्रकृमी आणि स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे बारीक जीव) हे त्यांचं खाद्य. त्यांच्यातले काही शेणकिड्याच्या अंगावर बसून एका शेणाच्या पोवरून दुसऱ्यावर जातात आणि तिथे माशीची अंडी फस्त करतात. दुसरे गोलसर, चकचकीत, तपकिरी. हे ओरिबॅटिड. त्यांच्या नोंदलेल्या जाती १०,००० च्या आसपास आहेत, आणि त्यांच्यात माझा जीव अडकलाय तो पेटी-माइट्समध्ये.

पेटी-माइटला धक्का लागला की तो आठही पाय पोटात ओढून घेतो आणि डोक्याकडची ढाल खाली पाडतो. ढालीची कड मागच्या घुमटाला अशी चपखल बसते की हाती उरते नुसती बंद डबी. ना पाय दिसतात, ना तोंड. कवचात कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे डबी चांगली टणक.

खरी गंमत पुढे आहे. प्राण्याचं शरीर द्रवाने भरलेलं, आणि द्रव दाबून लहान होत नाही. आठ पाय आत घेतले तर तेवढ्या आकारमानाला आत जागा हवी, आणि कवच तर ताणत नाही. ही अडचण पोटाखालच्या तकटांनी, म्हणजे कवचाच्या चपट्या तुकड्यांनी, सोडवली आहे. जननद्वार आणि गुदद्वार यांच्या बाजूची ही तकटं पातळ पडद्यांनी घुमटाला जोडलेली असतात. पाय आत आले की ती बाहेरच्या बाजूला सरकतात आणि आत जागा होते. डबी उघडायची वेळ आली की क्रिया उलटी. पेटी-माइट्सच्या एका गटात स्नायू ही तकटंच आत ओढतात, तर दुसऱ्या गटात घुमटाच्या दोन्ही बाजू आवळतात. आतला दाब वाढतो, द्रव पुढे ढकलला जातो, ढाल उचलली जाते आणि पाय बाहेर येतात. म्हणजे मिटायला थेट स्नायूंची ओढ आणि उघडायला द्रवाचा दाब. कवच न फोडता हे पाहणं अवघड होतं. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनमधल्या (अतिवेगवान इलेक्ट्रॉनांपासून प्रखर क्ष-किरण मिळवणारं यंत्र) क्ष-किरणांनी अख्ख्या माइटची त्रिमितीय चित्रं काढता आली तेव्हा कुठे कुठला स्नायू काय करतो हे नीट उमगलं. आणि ओरिबॅटिडांमध्ये ही रचना एकदाच नाही, किमान तीनदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहे.

तरीही तोडीस तोड भेटतोच. सेफेनियम नावाचा एक चिमुकला भुंगेरा ओरिबॅटिडांच्या गुळगुळीत कवचाला तोंडाखालच्या चूषकांनी चिकटून बसतो आणि जबड्याने खरवडत खरवडत भोक पाडतो. तासन्‌तास चालतं हे.

पेटी-माइटच्या पिल्लांना डबी नसते. ती पांढरी आणि मऊ असतात, पण कुजक्या लाकडात किंवा सूचिपर्णी झाडांच्या गळलेल्या पानांत बोगदा पोखरून आतच वाढतात, त्यामुळे त्यांचं अडत नाही. असे बोगदे, आत लेंड्यांसकट, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांच्या अवशेषांतही मिळाले आहेत.

ओरिबॅटिड स्वतः खातात त्याहून त्यांचा अप्रत्यक्ष परिणाम मोठा. ते पाला बारीक करतात, बुरशी चरतात आणि तिचे बीजाणू इकडून तिकडे नेतात. त्यांच्या लेंड्यांवर सूक्ष्मजीव वाढतात. अर्थात हे काही साधुसंत नव्हेत. मेंढ्यांच्या आतड्यातल्या मोनिझिया या पट्टकृमीची अळी वाढते ती ओरिबॅटिडांच्याच पोटात, आणि माइट गवताबरोबर मेंढीच्या पोटात जातो.

कवच बांधायला वेळ लागतो. कित्येक ओरिबॅटिड अंड्यापासून प्रौढ व्हायला महिनोन्‌महिने घेतात, थंड प्रदेशात तर वर्षापेक्षा जास्त, आणि अंडीही बेताचीच घालतात. म्हणूनच वारंवार नांगरलेल्या जमिनीत त्यांची संख्या घटते आणि लवकर भरून येत नाही. ‘मृत माती आठवड्यात जिवंत करा’ अशा बाटल्यांच्या जाहिराती पाहिल्या की मला हसू येतं. बाटलीत जिवाणू असतील, नाही कशाला म्हणा. पण ज्याला मोठं व्हायलाच वर्ष लागतं तो आठवड्यात कुठून उगवणार? माइट विकत मिळतातही, नाही असं नाही. स्ट्रॅटिओलिलॅप्स हा शिकारी माइट कुंडीतल्या चिलटांच्या अळ्या खातो म्हणून डब्यांतून विकला जातो आणि त्याचा उपयोगही होतो. त्याची पिढी दोन-तीन आठवड्यांत उरकते, म्हणून तर तो पाळणं परवडतं.