अठरा वर्षांची वाट पाहणारा अष्टकोन

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नेवार्क शहरात मातीचे लांबच लांब बांध आहेत. दुरून पाहिलं तर शेताचे बांधच वाटावेत. पण हे बांध मिळून एक अष्टकोन होतो. त्याच्या आत ५० एकर जागा मावते आणि त्याला जोडून जवळजवळ अचूक असं ३२१ मीटर व्यासाचं वर्तुळ आहे. सुमारे २००० वर्षांपूर्वी ज्यांनी हे उभारलं, त्यांच्याकडे ना चाक होतं, ना ओझं वाहणारं जनावर, ना लिपी. माती टोपल्यांतून वाहिली. या लोकांना आज आपण 'होपवेल' म्हणतो, पण ते एका शेतमालकाचं आडनाव. ते स्वतःला काय म्हणत, हे काळाबरोबर गेलं.

१९८२ साली रे हाइव्हली आणि रॉबर्ट हॉर्न या दोन प्राध्यापकांनी दाखवून दिलं, की वर्तुळ आणि अष्टकोन यांच्या मधून जाणारा अक्ष चंद्राच्या सर्वांत उत्तरेकडच्या उदयबिंदूकडे रोखलेला आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली असते आणि हा कल हळूहळू फिरत राहतो. त्यामुळे क्षितिजावर चंद्र उगवण्याची जागा काही वर्षं उत्तर-दक्षिण पसरत जाते, मग आक्रसते. एक फेरा १८.६ वर्षांचा. म्हणजे आजोबांनी पाहिलेलं नातवाने पडताळायचं, तेही लिहून न ठेवता! सुमारे १०० किलोमीटरवर हाय बँक इथे तितक्याच व्यासाचं वर्तुळ आणि त्याला जोडलेला दुसरा अष्टकोन आहे. त्यामुळे हा निव्वळ योगायोग असेल, असं मला वाटत नाही.

नेवार्कमधली बाकीची बरीचशी रचना कालव्याने, रेल्वेने आणि घरांनी गिळली. अष्टकोन मात्र १९१०पासून एका गोल्फ क्लबकडे भाड्याने होता. हिरवळीमुळे नांगर लागला नाही, हे मान्य करायलाच हवं. पण त्या बांधांवरून गोल्फचे चेंडू उडत होते आणि सामान्य माणसाला वर्षातले मोजकेच दिवस आत मोकळेपणाने फिरता येई. मूळ रहिवाशांच्या वंशजांना हे किती लागलं असेल! जागेची मालकी ओहायो हिस्ट्री कनेक्शन या संस्थेची. तिने भाडेपट्टा संपवण्यासाठी न्यायालयाचं दार ठोठावलं. डिसेंबर २०२२मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. सप्टेंबर २०२३मध्ये नेवार्कसह ओहायोतल्या ८ स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं आणि १ जानेवारी २०२५पासून अष्टकोन सर्वांसाठी खुला झाला.

नेमका २०२४-२५ हाच चंद्राच्या सर्वाधिक उत्तरेचा काळ होता. पुढचा येईल २०४३च्या सुमारास.